बोडीतली होडी

भंडारा,
१९ मे १९७७

श्री. धनीराम यादोराव, मु. करडी, यांसी,

जावयाला नमस्कार लिहायची रीत आहे, म्हणून नमस्कार.

आपण मंगळवारी दुपारी माझ्या घरून भरल्या ताटावरून उठून गेलात आणि मागे न बघता माझ्या मुलीला, चंद्रकांतेला, घेऊन मोटार स्टँड गाठलंत. गल्लीभर बोभाटा झाला आहे. शेजारच्या सुमनबाई साखर मागायच्या निमित्ताने विचारून गेल्या. मी त्यांना सांगितलं, जावयाला राग आला, तो उठला. यापलीकडे काही घडलेलं नाही.

आता राग कोणाला यायला हवा होता ते लिहितो. आपले वडील यादोराव यांना हे पत्र वाचून दाखवावं, मोठ्याने.

चौदा फुटांची ती शिडाची होडी मी तीन वर्षांपूर्वी तुमसरकडच्या एका खाणीच्या बंद पडलेल्या क्लबातून भंगारात उचलली. खाणीचे गोरे साहेब तिच्यात बसून तलावात वाऱ्यावर फिरत. साहेब गेले आणि होडी गोदामात वाळत पडली. मी तेहतीस वर्षं पोरांना सरळ रेघ मारायला शिकवली. निवृत्त झाल्यावर एक वस्तू आपल्या हातांनी पुन्हा उभी करावी असं मनात आलं, तर त्यात काय वावगं होतं? तीन वर्षं तिला अंगणात टिनाखाली ठेवली, जुना रंग खरडला, एकेक तांब्याचा खिळा पुसून घेतला. आणि आपण काय केलंत? मी नवे खिळे आणायला तीन दिवस नागपूरला जातो काय, आणि आपण गल्लीतली माणसं जमवून माझी होडी बैलबंडीवर घालता काय! परत आलो तर अंगण रिकामं. घरामागच्या बोडीच्या तळ्यात, उन्हाळ्याने उरलेल्या कमरेएवढ्या गढूळ पाण्यात, आपण ती काठोकाठ दगड भरून बुडवली होती. शेजारी म्हशी बसल्या होत्या.

वर मलाच ऐकवलंत, ते शब्द माझ्या कानात आहेत. "मामाजी, फटी पाहा ना तुमी, बोट जाते. बंडीचा चाक ढिल्ला झाला का आमी बोडीत टाकतो. लाकूड पानी पेते, फुगते, अन आपोआप घट होते. आठ दिस राहू द्या."

जावईबापू, ती बंडी नाही. विलायतेच्या कारागिराने बांधलेली ती होडी आहे. माझ्याकडे तिचं इंग्रजी पुस्तक आहे, आकृत्यांसकट. मी काल आठ माणसं लावून तिला बाहेर काढली. दगड उपसताना माझी कंबर धरली आहे, हेही वडिलांना वाचून दाखवा.

मला न विचारता माझ्या वस्तूला हात लावणाऱ्याची माफी मला हवी आहे. पत्राने चालेल.

वासुदेवराव
(निवृत्त ड्रॉइंग मास्तर)


भंडारा,
११ जून १९७७

श्री. धनीराम यांसी,

आपलं कार्ड मिळालं. मी माफीची वाट पाहत होतो. कार्डावर एकच ओळ: "होडी पान्यातून काढू नका, आठ दिस पुरे होऊ द्या." वा! काढून पंधरा दिवस झाले होते. आपल्या सल्ल्याला उशीर झाला आणि तो कोणी मागितलाही नव्हता.

फटींचं म्हणाल तर त्या मी भरल्या आहेत. खडूची पूड, जवसाचं तेल आणि राळ यांचं पुटीन केलं. निरोप समारंभात सहकाऱ्यांनी मला खडूची अख्खी पेटी भेट दिली होती, त्यावर सगळे हसले होते. ती आता कामी आली. होडीच्या फळ्या कौलांसारख्या एकीवर एक चढवलेल्या आहेत. त्या प्रत्येक सांध्यात मी पुटीन ठासून बसवलं. मेच्या उन्हात लाकूड पार कोरडं होतं, फटी चांगल्या उघडल्या होत्या, म्हणून भरपूर बसलं. आता ते दगडासारखं झालं आहे. नख लागत नाही. आपण येऊन नख लावून पाहावं असं म्हणालो असतो, पण आपण येणार नाही असं कळलं.

हो, कळलं. चंद्रकांतेने आईला पत्र लिहिलं, ते मी वाचलं. घरात आलेलं पत्र मी वाचणारच. तिने आपले शब्द जसेच्या तसे उतरवले आहेत: "ज्या घरी माह्या पुढचा ताट ओढला, त्या घरी माही बायको जेवनार नाई. मामाजीनं करडीले येऊन आमच्या बाबापुढं चुकलं म्हनलं, तर पाठवतो."

ओढला? ताट थोडं सरकलं असेल. मी रागात हात हलवून बोलतो, सगळी शाळा सांगेल. हाताला ताट लागलं असेल. त्यासाठी मी चाळीस मैलांची धूळ खात आपल्या ओसरीवर येऊन मान खाली घालावी, असं आपल्याला वाटत असेल, तर आपण मला ओळखलेलं नाही.

राधाबाई, म्हणजे आपल्या सासूबाई, माझ्याशी आठ दिवसांपासून कामापुरतं बोलतात. त्याचं श्रेयही आपल्याकडेच.

वासुदेवराव


भंडारा,
५ सप्टेंबर १९७७

श्री. धनीराम यांसी,

चंद्रकांतेला दिवस गेले आहेत आणि पाचवा महिना आहे, ही बातमी मला तांदळाच्या गिरणीत रांगेत उभा असताना करडीच्या एका परक्या माणसाने सांगितली. तो म्हणाला, "मास्तर, आजा होऊन राहिले म्हना!" मी जणू ठाऊक असल्यासारखी मान हलवली आणि तांदूळ न घेताच घरी आलो.

राधाबाईंना ठाऊक होतं. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

पहिलं बाळंतपण माहेरी होतं. हे मी आपल्याला शिकवायला नको, आपल्या घरीही हीच रीत आहे. सातव्या महिन्यात, दिवाळीच्या सुमारास, तिला इकडे पाठवावं. इथे सरकारी दवाखाना हाकेवर आहे. आपल्याकडे काय आहे? तुळसा सुईण, जिला संध्याकाळी दिसत नाही. माझ्या मुलीचं बाळंतपण तिच्या हातात देणार का तुम्ही? भांडण आपल्या दोघांचं आहे. त्यात तिला ओढू नका.

ओढू नका असं लिहिलं खरं. शब्द आला तसा राहू देतो.

मधली खोली चुन्याने रंगवली आहे. खिडकीला जाळी बसवली. राधाबाई दुपारी मशीनवर होडीचं शीड शिवतात आणि उरलेल्या मांजरपाटाची दुपटी करतात. दोन्ही कामं एकाच कापडात चालली आहेत आणि त्या मला एक शब्द विचारत नाहीत. होडीला निळा रंग दिला. पावसात बाहेर झाकून ठेवली आहे, पुटीन हललेलं नाही.

करडीला यायचं माझ्याच्याने होणार नाही. यादोरावांपुढे उभं राहून मी काय म्हणू? त्यांनी मला सोयरीक ठरली त्या दिवशी विचारलं होतं, "मास्तर, आमचा पोरगा सातवी शिकला, चालते ना?" मी चालतं म्हणालो होतो. त्यांच्या मनात ते असणारच, आणि मी त्या दिवशी बोडीच्या काठावर जे बोललो तेही त्यांच्या कानावर गेलं असणार. आठ माणसांपुढे बोललो होतो. तुम्ही मला ते पत्रातून कधी ऐकवलं नाहीत. का, ते मला कळत नाही.

तरी पाठवावं.

वासुदेवराव


भंडारा,
१६ नोव्हेंबर १९७७

श्री. धनीराम यांसी,

दिवाळी झाली. मधल्या खोलीत दिवा लावला. कोणी आलं नाही.

ठीक आहे. आता शब्दांनी बोलणं पुरे. येत्या रविवारी, वीस तारखेला, सकाळी नऊ वाजता, मी होडी कारध्याच्या घाटावर वैनगंगेत सोडतो आहे. नदी आता निवळली आहे, वारा बरा असतो. अर्धा भंडारा येणार आहे. तुम्हीही या. काठावर उभे राहा आणि पाहा, बंडीचं चाक आणि होडी यांत फरक असतो की नाही. चंद्रकांतेला सोबत आणा, बंडीत गवत जाड अंथरा.

होडी चालली तर तुम्ही सगळ्यांपुढे म्हणायचं की मामाजींचं बरोबर होतं, आणि पोरीला इथे ठेवून जायचं. मग ताटाचा विषय मीही काढणार नाही आणि तुम्हीही काढायचा नाही.

आणि नाही चालली तर? तो प्रश्नच येत नाही, म्हणून त्यावर लिहीत नाही.

वासुदेवराव


भंडारा,
२१ नोव्हेंबर १९७७

श्री. धनीराम यांसी,

आला नाहीत. तुमची मर्जी.

होडी चालली. शिडात वारा भरला तेव्हा काठावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढे थोडं पाणी आत आलं, तितकं येतंच. मला पडसं झालं आहे म्हणून जास्त लिहीत नाही.

कोणी काही वेगळं सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

वासुदेवराव


भंडारा,
९ डिसेंबर १९७७

श्री. धनीराम यांसी,

तुमचं उत्तर नाही. म्हणजे कोणीतरी सांगितलेलं दिसतं. कारध्याहून करडीला बातमी जायला वेळ लागत नाही, आणि अशी बातमी तर धावतच जाते. मग माझ्याकडूनच घ्या, निदान सरळ रेघेत मिळेल.

पहिली पंधरा मिनिटं ती खरोखर चालली. हे खोटं नाही. मी सुकाणू धरून बसलो होतो, शीड भरलं होतं, आणि साठ वर्षांच्या आयुष्यात मला इतकं सुख कधी झालं नव्हतं. मला वाटलं, तुम्ही काठावर असायला हवे होतात. तुम्हाला चिडवायला हवे होतात, पण असायला हवे होतात.

नंतर आवाज आला. वाळकी फांदी मोडावी तसा कटकन. मग दुसरा. मग एकामागून एक. फळ्या पाणी प्यायल्या, फुगल्या, आणि त्यांना फुगायला जागाच नव्हती, कारण प्रत्येक सांध्यात मी खडूचा दगड ठासून ठेवला होता. फळ्यांनी खिळे उपटले आणि आतल्या फासळ्या तोडल्या. मी माझ्या डोळ्यांनी एकेक फासळी तुटताना पाहिली. ज्या फटी मी मेमध्ये इतक्या प्रेमाने भरल्या, त्याच फटींसाठी लाकूड जागा मागत होतं.

कारध्याचा नंदलाल ढीवर डोंगा घेऊन आला आणि त्याने मला बखोट धरून ओढून घेतलं, बुडत्या होडीला मागे दोर बांधला. डोंग्यात मी ओलाचिंब बसलो होतो, आणि तो बिडी पेटवत म्हणाला, "मास्तर, वाळल्या लाकडात काहून भरला हा दगड? पयले पान्यात बुडवाव लागते. कोन्ही सांगतला नाई का तुमाले?"

मी त्याला म्हणालो, नाही. कोणी सांगितलं नाही.

हे मी बोललो, तुमच्या पाठीमागे. ते तुम्हाला कळावं म्हणून लिहितो.

इतकं लिहिल्यावर तुम्हाला वाटेल म्हातारा नरमला. अजिबात नाही. मला न विचारता होडी उचलून नेलीत हे चूकच होतं. चार दिवस थांबून, समोर बसून, समजावून सांगता आलं नसतं? तुम्ही सांगितलं होतं, हे खरं आहे. पण एकदाच सांगितलं होतं. मास्तराला एकदा सांगून कळतं का? पोरांना मी एकच गोष्ट वर्षभर सांगत असे.

चंद्रकांतेला आठवा लागला असेल. राधाबाई काल म्हणाल्या, "तुमी नाई जात तं मी जातो एकटीच." मी म्हणालो, थांबा. माझ्या डोक्यात एक गोष्ट आहे. मी रिकाम्या हाताने करडीला येणार नाही. सांध्यातलं सगळं पुटीन खरडतो आहे, बोटं सोलून निघाली आहेत. नव्या फासळ्यांना लाकूड आणलं आहे. त्या बसवतो, मग होडी बोडीत टाकतो. आठ दिवस, तुम्ही म्हणाला होतात तसे. ती घट्ट झाली की मी स्वतः येतो, आणि यादोरावांपुढे जे म्हणायचं ते म्हणतो. ती तेवढी घट्ट होऊ द्या. महिनाभर थांबा. बाळंतपणाला अजून दीड महिना आहे.

वासुदेवराव


भंडारा,
३ जानेवारी १९७८

धनीराम,

तुमचं कार्ड आज दुपारी आलं. बोडीच्या काठावरच पोस्टमनने हातात दिलं.

आधी बोडीचं लिहितो, कारण दुसरं लिहायला हात वळत नाही.

सव्वीस तारखेला होडी बोडीत नेली. तुम्ही ज्यांना बोलावलं होतं त्याच आठ माणसांना मी बोलावलं. त्यांतला एक म्हणाला, "मास्तर, मंग तवा कायले काढली होती?" मी दगड उचलायला लागलो. दगड सगळे मीच भरले, कोणाला हात लावू दिला नाही. ती हळूहळू खाली गेली. निळा रंग पाण्याखाली थोडा वेळ दिसला, मग दिसेनासा झाला. तेव्हा मला मेमधला तुमचा चेहरा आठवला. तुम्ही चिखलाने माखून बोडीतून वर आला होतात आणि हसत होतात. शाबासकी मिळेल म्हणून हसत होतात. मला ते त्या दिवशी दिसलं होतं, धनीराम. दिसूनही मी बोललो. मी म्हणालो होतो, "पोरगी माणसाला दिली समजत होतो, बैलाला दिली." आठ माणसांनी ऐकलं. तुम्ही तरी हात धुऊन, डोकं पुसून माझ्या पंगतीला येऊन बसलात.

आणि राधाबाईंनी वाढलं, तुम्ही पहिला घास उचलला, तेव्हा ताट मी ओढलं. ते सरकलं नव्हतं. हात हलला नव्हता. दोन्ही हातांनी धरून मी ते ओढलं, वरण माझ्या धोतरावर सांडलं. चंद्रकांता दारात उभी होती, तिने पाहिलं. पत्रांत मी जे जे लिहिलं ते खोटं होतं.

आज होडी काढली. आठ दिवस पुरे झाले होते. दगड उपसले, पाणी उपसलं, काठावर उलटी केली आणि मग सुलटी करून पुन्हा पाण्यावर सोडली. मी आत बसून राहिलो. अर्धा तास. एक थेंब आला नाही. हात फिरवून पाहिला, सांधे सापडत नव्हते. मला वाटलं, आता लगेच घरी जाऊन पिशवी भरावी, उद्याच्या पहिल्या गाडीने करडी गाठावी, तुम्हाला सांगावं की घट्ट झाली.

तेवढ्यात पोस्टमनने हाक मारली. तुमच्या कार्डावर तीनच ओळी आहेत: "चंद्रा ३० तारखेले बाळंत झाली. पोरगी. दिवस कमी भरले, पन दोघी बऱ्या हायेत. तुळसानं केलं सगळं."

दोघी बऱ्या आहेत हे मी चार वेळा वाचलं. मग राधाबाईंना वाचून दाखवलं. त्या उठल्या. मधल्या खोलीत गेल्या, दुपट्यांच्या घड्या केल्या आणि पिशवीत भरू लागल्या. ती खोली माझ्या मुलीसाठी रंगवली होती. ती तिथे आली नाही. मी होडी घट्ट व्हायची वाट पाहत बसलो आणि माझी पोर कुठल्या तरी संध्याकाळी, जिला दिसत नाही तिच्या हातात, आईविना ओरडत होती. एक शब्द म्हणायला मला करडीपर्यंत यायचं होतं. मी आठ महिने आलो नाही. याचा दोष तुमच्यावर टाकायला मी दुपारभर जागा शोधली. सापडली नाही.

तुळसाला माझ्याकडून लुगडं द्यायचं आहे. तिच्याबद्दल जे लिहिलं ते तिला सांगू नका.

आम्ही दोघं उद्या निघतो. तुम्ही दारात घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, रागाचा हक्क तुमचा आहे आणि मी तो मागून घेणार नाही. यादोरावांपुढे जे म्हणायचं ते उभा राहून म्हणेन. त्यांना आधी कल्पना देऊन ठेवा, नाहीतर ते मला बसा बसा म्हणत राहतील आणि माझं म्हणणं राहून जाईल.

एक सांगायचं राहिलं. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं अन्न खाऊ नये, ही आपली रीत. म्हणून लग्नापासून मी तुमच्या घरी पाणीसुद्धा प्यायलो नव्हतो. आता तिला मुलगी झाली. आता मला तुमच्या घरी जेवता येतं.

उद्या माझं ताट वाढा, धनीराम. मी पहिला घास उचलेन. मग वाटलं तर तुम्ही ते ओढा.

तुमचा मामाजी,
वासुदेव